पांड्याची गोळी आणि वसुमतीताई

डहाणूत स्टेशनजवळच्या मेडिकलच्या काउंटरमागे वसुमतीताई बावीस वर्षं उभ्या आहेत. कुणी शिंकत आला की त्या आधी विचारतात, "काम काय करता?" एकदा रेल्वेतले शैलेश वैतागले, "ताई, गोळी मागतोय, नोकरी नाही!" ताई हसल्या, पण उत्तर मिळेपर्यंत हात हलवला नाही.

ही सवय त्यांना पांड्यामुळे लागली.

पांड्या रानशेत गावचा. नरपडच्या वाडीत चिकू उतरवायचा. थंडीत सकाळी वाडीत शिरला की शिंका सुरू, डोळे लाल. ताईंनी त्याला ॲलर्जीची जुनी, स्वस्तातली गोळी दिली. काही विचारलं नाही, कारण दुकानात गर्दी होती.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको शुक्री आली. ती भांडायला आली नव्हती. "ताई, तुमच्या गोळीनं माणूस झाडावरच झोपला. खाली पडला. हात सुजलाय."

ताईंनी कुठलीही सबब सांगितली नाही. मालकाला सांगून दुपारीच त्या शुक्रीबरोबर रिक्षाने रानशेतला गेल्या. पांड्या ओट्यावर बसला होता, मनगटाला फडकं गुंडाळलेलं. ताईंना बघून तोच ओशाळला.

"चूक माझी," ताई म्हणाल्या. "तू झाडावर चढतोस हे मी विचारायला हवं होतं."

"पण नाकाच्या गोळीनं झोप कशी येते?" शुक्रीने विचारलं.

"अंगात हिस्टामिन नावाचं एक द्रव्य असतं. धूळ, परागकण सोसले नाहीत की ते वाढतं, मग नाक गळतं. पण तेच द्रव्य डोक्यात असतं, तिथे ते माणसाला जागं ठेवतं. जुनी गोळी मेंदूत शिरते आणि तिथलंही काम अडवते, म्हणून गुंगी येते. नव्या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत. नाकाचं काम करतात, डोकं जागं राहतं. त्यातल्याही काहींनी थोडी सुस्ती येते, म्हणून पहिले दोन दिवस झाडावर चढायचं नाही."

मग त्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. डॉक्टरांनी पट्टी बांधली, गोळी बदलून दिली.

आठवड्याने पांड्या एकटाच दुकानात आला, तोंड पाडून. "ताई, ही गोळी लागू पडत नाही."

"शिंका येतात?"

"नाही."

"डोळे चुरचुरतात?"

"नाही."

"मग?"

"झोपच येत नाही ना! पहिली किती कडक होती. घेतली की डोळे मिटायचेच. हिच्यात दमच नाही."

ताईंना हसू आवरेना. काउंटरवर कोपर टेकून त्या हसल्या, पांड्यामागे उभी असलेली गिऱ्हाइकंही हसली. मग शांतपणे म्हणाल्या, "झोप हा औषधाचा जोर नव्हे रे, ते त्याचं नको असलेलं काम. तुझं नाक मोकळं झालं, तेच त्याचं खरं काम."

पांड्याला ते पटलं असावं. पुढच्या सोमवारी त्याने मनगट दोनदा वळवून बघितलं आणि तो वाडीतल्या झाडावर चढला. शुक्री खाली उभी राहून त्याला दर थोड्या वेळाने हाक मारत होती. तो प्रत्येक हाकेला वरून, जरा चिडूनच, ओ देत होता.