निर्व्यसनी कॉम्प्युटर

केबिन रोडवरच्या एका दुकानात एक तरुण जुने कॉम्प्युटर विकतो. ऑफिसला जाता-येता मला दिसतो, कायम ओठांत स्क्रू धरून बोलताना. टीव्हीला जोडून सिरियली आणि पिक्चर बघायला स्वस्तातला एक हवा होता, म्हणून आईला घेऊन गेले. रॅमबिमचं त्याने नावच काढलं नाही. स्थळ सांगावं तशी एकेकाची माहिती द्यायला लागला.

“हा नको मावशी, याच्यावर पोरं गेम खेळलीत, लगेच तापतो. हा छोटा घ्या. बँकेत होता. संध्याकाळी सहाला बंद. स्वभावाने थंड हाय.”

माझ्यासाठी आलेल्या स्थळांबद्दल कुणी इतकं खरं सांगितलं नव्हतं.

मी महागडा उचलला, तर त्याने तो हातातून काढूनच घेतला. मग ड्रॉवरमधून टिकल्यांचं पाकीट काढून कीबोर्डच्या लांब बटणावर मोठी लाल टिकली चिकटवली. “मावशी, चहा ठेवायला उठलात की हिच्यावर दाबायचं. सिरियल थांबते.”

“टिकल्या बायकोच्या का रे?” आईने विचारलं.

त्याने पहिल्यांदाच ओठांतला स्क्रू काढला. “आईच्या.”

रिक्षात आईने कॉम्प्युटर मांडीवर घेतला. मग म्हणाली, “हा स्वतः दुकान कितीला बंद करतो गं? आणि लगेच तापत नाही ना?”