तिच्या वाटणीचा भात

मुलीला सांगितलं नाही, भावाला नाही, आणि जिच्याशी बोलायला हवं होतं तिच्याशी तर नाहीच. हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच बहुतेक सांगतोय.

शिक्षण माझं चौथी. बुधवार पेठेत चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, वाचलं एकही नाही. लिहिण्यात चुका असतील, असू देत. सांगायची चूक वेगळी आहे.

बायको — मंगल — गेली त्याला दीड वर्ष झालं. कर्वेनगरच्या दोन खोल्यांत आता मी एकटा. दिवसदिवस तोंड उघडत नाही. दूधवाल्याला 'ठेव' म्हणतो, तेवढंच.

भाताबद्दल सांगायचंय. हसू येईल तुम्हाला. भाताचं काय एवढं?

मंगलचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलं नाही हिच्या, रोज प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. मुलगी, वैशाली, नागपूरहून आली होती. परत जायच्या आदल्या दिवशी तिनं मला ओट्यापाशी उभं केलं. मी जन्मात तिथं चहासुद्धा केला नव्हता.

"बाबा, भात सकाळचाच घ्या, गार. गरम घेतलात तर लगदा होतो." सोयाबीनचा चुरा गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा. कढई तापली की तेलात लसूण, कांदा. मग दोन अंडी फोडून भराभरा हलवायची. त्यात चुरा, मोड आलेले मूग, शेवटी भात. मीठ, मिरपूड. गॅस मोठा, हात थांबवायचा नाही. दहा मिनिटांचं काम. "आईला ताटभर. रोज. जमेल ना?"

जमलं. पहिल्या दिवशी मंगलनं ताट पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. आणि खरं सांगू? मला आवडलं होतं ते काम.

चौथ्या दिवशी, खाली बाकड्यावर रोज माझ्याबरोबर गप्पा मारत बसणारा दामू दारात आला. माझ्या हातात उलथनं, खांद्यावर फडकं. वरपासून खालपर्यंत बघितलं त्यानं. "अरे वा! मग हळदीकुंकू कधी ठेवलंयस?"

झालं. एवढ्यावर मी गॅस बंद केला आणि त्याच्याबरोबर खाली गेलो. वर आलो तेव्हा मंगल एका हातानं पोट धरून भात परतत होती.

मी थांबवलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

एवढंच असतं तर कधीतरी कुणाला बोललोही असतो. पण — जाऊ दे, आता लिहितोच. तिची जन्माची सवय, आधी नवऱ्याला वाढायचं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सवय जाते काय? अंडी, चुरा, मूग, सगळं माझ्या ताटात. भात झकास व्हायचा तिचा. मी आणखी मागायचो. हो, मागायचो. ती कढई खरवडून वाढायची आणि स्वतः ताकात पोळी कुस्करून घ्यायची. म्हणायची, "मला अंड्याचा वास सोसत नाही हो." पहिले तीन दिवस कसा सोसला होता? हे मला कळत नव्हतं? कळत होतं. मी जेवत होतो.

संध्याकाळी वैशालीचा फोन. केला का भात? केला. आईनं खाल्ला? सगळा. मंगल समोरच बसलेली असायची. एकदा फोन तिनं घेतला. मला वाटलं, आता सांगते. ती म्हणाली, "अगं, छान करतात बाबा. अगदी मोकळा होतो." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तीन महिन्यांत गेली. डॉक्टर म्हणाले, दुखणंच तसं होतं. असेल. त्या तीन महिन्यांत माझे शर्ट पोटावर घट्ट झाले, ते डॉक्टरांना कुठं माहीत?

तेराव्याला घर भरलेलं. वैशाली सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्या बाबांनी शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं करून घातलं आईला. बायकांनी डोळे पुसले. मी खाली बघत राहिलो. लोकांना वाटलं, रडतोय.

परवा तिचा फोन आला. "बाबा, तुम्ही आईचं एवढं केलंत, आता तुमचं मी करणार. एकटे नका राहू. इकडेच या कायमचे." तेव्हा सांगता आलं असतं. फोनवर तर तोंडही दिसत नाही. निदान नको तरी म्हणता आलं असतं. मी म्हणालो, येतो.

सोमवारची गाडी आहे. बॅग भरून झाली आहे.