फाटक मास्तरांची हजेरी

फाटक मास्तर रोज सकाळी माशांची हजेरी घेत. डोंबिवलीतल्या त्यांच्या भाड्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत, लोखंडी चौकटीची चार फूट लांब काचेची टाकी होती. स्नान, पूजा आटोपली की कणकेच्या बारीक गोळ्या वाटीत घेऊन ते टाकीसमोर उभे राहत आणि शाळेतल्या आवाजात पुकारत, "एक? हजर. दोन? हजर." बारा सोनमासे होते. कुणाच्या शेपटीवर ठिपका, कुणाचा पर फाटका, अशा खुणांवरून मास्तर प्रत्येकाला नंबराने ओळखत. एका सकाळी ते थांबले आणि म्हणाले, "सात गैरहजर." मी मागेच उभा होतो. सात नंबर कुठे गेला ते मला ठाऊक होतं.

मास्तर कल्याणच्या शाळेत शास्त्र शिकवत. मी खाडीकाठच्या गावचा, जाळं टाकणाऱ्याचा मुलगा. आमच्या घराण्यात मॅट्रिकच काय, चौथी पास झालेलंही कुणी नव्हतं. मास्तरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, "हा माझ्याकडे राहील." तेव्हापासून बी. ए. होईपर्यंत मी त्यांच्या पडवीत राहिलो आणि त्यांच्या पत्नीच्या, माईंच्या हातचं जेवलो. त्या घरात मला कुणी कधी जात विचारली नाही. फक्त पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले होते, "खाडीवरचं सगळं आता विसरायचं." मी मनापासून विसरण्याचा प्रयत्न केला.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे : "येत नसेल तर उभं राहून तसं सांगा. पण येत असून हात वर न करणारा मला चालायचा नाही." येत नसणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा शिकवत. छडी मिळायची ती येत असून गप्प बसणाऱ्याला.

मुंबईत समुद्रकाठी मत्स्यालय उघडलं, ते पाहून आल्यावर मास्तरांनी ही टाकी करवून घेतली. पुढे आंबिवलीला राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नदीतला एक मासा डब्यात घालून आणून दिला. बोटाएवढा, अंगावर खवलं नाहीत, तोंडाला लांब मिशा. मास्तर हरखले. मी डब्यात डोकावलो आणि ओळखलं. शिंगाळा. बाप म्हणायचा, याला पाण्यात हलतं ते सगळं आपलंच वाटतं.

"काय खातो हा?" मास्तरांनी विचारलं.

"सांगता यायचं नाही, सर," मी म्हणालो. त्या घरात आपल्याला माशातलं कळतं हे दाखवायची मला लाज वाटली.

"मग कणीक खाईल. वळण लावलं की कुणीही वळतं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ते माईंना म्हणाले, "हे काय, उदाहरण समोर उभं आहे."

शिंगाळ्याने कणीक खाल्लीही. मास्तर आल्यागेल्याला दाखवत, "बघा, मांसाहारी जातीचा आहे म्हणतात, पण आमच्याकडे पोळी खातो!" दिवसभर तो दगडाच्या कपारीत पडून असे. नुसत्या मिशा बाहेर. माईंनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. "हलायला नको, बोलायला नको, मिशा तेवढ्या पुढे. जावईबापूंचं झालं का हो जेवण?" असं विचारून त्या हसत. पण एकदा मला हळूच म्हणाल्या, "अरे, मी पोळ्या लाटते ना, तेव्हा तो माझ्याकडे बघत असतो. मी जागा बदलली की मिशा वळतात."

सातनंतर तीन गेला, मग अकरा. मास्तरांनी मांजराला दोष दिला, टाकीवर जाळीचं झाकण बसवलं. झाकणाखालून नऊ गेला, दोन गेला, मग एकेक करून बाकीचेही. शिंगाळा हातभर झाला. शेवटी हजेरीत उरला एकटा चार नंबर. तो पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून राही, कणकेलाही खाली उतरत नसे. मास्तर त्याला चुचकारत, "अरे, घाबरतोस काय? तोही तुझ्याच वर्गातला." दोन दिवसांनी चारही गैरहजर झाला. त्या दिवसापासून मास्तर पुकारा न करताच कणीक टाकू लागले. त्यांना कळलं नव्हतं असं मला आजही वाटत नाही. पण कपारीतल्या त्याचं वळण खोटं ठरलं, तर पडवीतल्या माझं काय, हा विचार मला सोडत नसे. कदाचित त्यांनाही सोडत नसावा.

मी बी. ए. झालो तेव्हा वडील पेढे घेऊन आले. मास्तरांच्या पाया पडून उठताना त्यांची नजर टाकीवर गेली. स्टेशनवर पोहोचवायला गेलो तेव्हा म्हणाले, "शिंगाला हाय तो. घरान कोन ठेवतं त्याला? मास्तरना सांग, पान्यान हात नको घालू. काटा लागला तं हात जाल. त्यान मास्तरना साकरेची बिमारी."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मी काय सांगू मास्तरला? तू शिकलास. तुजा आयकतील."

दर रविवारी आम्ही टाकीचं पाणी बदलत असू. मी विहिरीवरून बादल्या आणायच्या, मास्तरांनी दगड धुवायचे. त्या रविवारी मी बादली ठेवली आणि म्हणालो, "सर, हा मासा..."

"हं, बोल."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझा धीर गेला. "मोठा झालाय, म्हटलं."

"होणारच. पोळी खातो," असं म्हणत त्यांनी बाही सारली आणि दगड उचलायला हात आत घातला. पाणी एकदम उसळलं. हात बाहेर आला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी काटा खोल रुतून गेल्याची खूण होती. रक्त फारसं नव्हतं. माई हळद घेऊन धावल्या. मास्तर हसले. "शिष्याने गुरूचा अंगठा मागितला. उलटंच झालं म्हणायचं."

सोमवारी ते शाळेत गेले. बुधवारी हात कोपरापर्यंत सुजला. शुक्रवारी त्यांना मुंबईच्या इस्पितळात हलवलं. मी खाटेच्या पायथ्याशी बसून होतो. तापातून डोळे उघडून त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो, सर."

"पहिल्या दिवसापासून?"

मी मान डोलावली.

"मग हात का वर केला नाहीस?"

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग तेच म्हणाले, "विसर म्हणून मीच सांगितलं होतं, नाही का?" ते माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच. दोन दिवसांनी ते गेले.

तेराव्यानंतर वडील बादली घेऊन आले. माई दारात उभ्या होत्या. टाकीत शिंगाळा एकटा होता आणि तळाशी ताज्या कणकेच्या गोळ्या पडल्या होत्या. वडिलांनी धोतर खोचलं, हात पाण्यात नेला, कल्ल्यांजवळच्या काट्यांच्या मागून दोन बोटं सरकवली आणि तो हातभर मासा शांतपणे उचलून बादलीत ठेवला. एवढ्याला श्वासभर वेळ लागला असेल. "आंबिवलीला नदीन सोरतो," ते म्हणाले.

माई बादलीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"असं धरतात होय?" त्यांनी विचारलं. "तुला येतं?"

"येतं, माई," मी म्हणालो. "लहानपणापासून येतं."