उधना ते साक्री : गरम टायरची हवा

सुरतेतल्या उधन्याहून साक्रीजवळचं आमचं गाव चार तासांवर आहे. रस्ता चांगला आहे, तुम्ही आरामात जाल. आम्हाला सात तास लागले आणि ते माझ्यामुळे.

सकाळी अकराला चुलतभावाचा फोन आला. नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ गेले. आम्ही सगळे त्यांना जिभाऊ म्हणायचो. "दिन बुडाना पहिले या, तुम्हनी वाट देखतस," तो म्हणाला. आमच्याकडे सुरतवाल्यांसाठी थांबतात, पण सूर्यास्तापर्यंतच. नाना चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "माले खांदा देना शे."

निघण्याआधी मी नव्या डिजिटल गेजने टायरमधली हवा मोजली. चारही तेहतीस, दारावरच्या पट्टीवर लिहिलेत तेवढेच. महिनाभर या यंत्राचं मला भारी कौतुक होतं.

पलसाण्याला मिलच्या ट्रकांमध्ये अडकलो, बारडोलीनंतर रस्ता मोकळा झाला. व्याऱ्याला नानांना लघवीला जायचं होतं म्हणून थांबलो. तिथे चहा फक्कड मिळतो, पण नाना प्यायले नाहीत. तेवढ्यात मी गेज लावलं. सदतीस! पुढे कोंडाईबारीचा घाट, जास्त हवा बरी नव्हे, म्हणून चारही टायरमधली हवा सोडून तेहतीसवर आणली. सोनगडला डिझेल भरताना परत छत्तीस. परत सोडली.

"काय करी ऱ्हायना?" नानांनी काच खाली करून विचारलं.

"सेफ्टी, नाना," मी म्हणालो. या उत्तराची मला आजही लाज वाटते.

नवापूरच्या अलीकडे मागचा डावा टायर फुटला. स्टेपनी काढली तर ती बसलेली. चार टायर रोज मोजणाऱ्या मला पाचवा कधी आठवला नव्हता. रिक्षाने पंक्चरवाल्याला आणेपर्यंत दीड तास गेला, जुना टायर मिळवून बसवेपर्यंत अजून तेवढाच. बाकीचे टायर हाताने दाबत तो गुजरातीत म्हणाला, "गरम टायरमांथी हवा नी कढाय, भाई." म्हणजे गरम टायरमधली हवा काढायची नसते; चालून तापलेल्या टायरचा आकडा वाढतोच. तो सकाळी, गाडी उभी असताना बघायचा. मी दोनदा हवा काढून टायर पार नरम करून टाकले होते, आणि नरम टायर जास्त तापून फुटतो. नाना मैलाच्या दगडावर बसून सगळं ऐकत होते. चुलतभावाचे फोन येत होते, मग यायचे बंद झाले.

गावात शिरलो तेव्हा माणसं आंघोळी करून परतत होती. नाना तसेच स्मशानात गेले. जाळ अजून मोठा होता, जवळ उभं राहवत नव्हतं. ते लांबूनच हात जोडून उभे राहिले. मला रडूही आलं नाही, नुसती स्वतःची चीड येत होती.

तुम्ही या रस्त्याने जाल तर टायर घरीच बघा, स्टेपनीसकट. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच उरलंय. मी चुकलो हे नानांना म्हणायला तोंड उघडतो आणि मिटतो. खांदा द्यायला त्यांचा सख्खा भाऊ पुन्हा थोडाच मरणार आहे.

चौथ्या दिवशी उधन्याच्या घरी नानांच्या लूमवरचे, यंत्रमागावरचे, जुने सोबती भेटायला आले. मी पाणी घेऊन बाहेर आलो तेव्हा त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "टाइमवर पोचनात ना, नाना?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हा, पोचनूत ना," ते म्हणाले. "खांदा बी दिधा मी."