मुद्देमालवाली मावशी

माझी मावशी एकतीस वर्षं कोर्टात नोकरीला होती. त्यातली सव्वीस तिने चोरीच्या वस्तूंच्या सहवासात काढली. तिचं पद मुद्देमाल कारकुनाचं. पोलिसांनी जप्त केलेली प्रत्येक वस्तू खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिच्या ताब्यात असायची. तळमजल्यावर जिन्याखाली एक लांबोळकी खोली, तिला एकच जाळीची खिडकी, आणि आत सायकली, भिंतीवरची घड्याळं, पाण्याचे पंप. एकदा कुणीतरी बागेतला अख्खा लोखंडी बाक उचलून नेला होता. तो सापडल्यावर मावशीकडे आला आणि दीड वर्षं ती त्याच्यावर बसून डबा खात होती.

मी तेव्हा कायदा शिकत होते. कॉलेज सुटलं की तिच्याकडे जाऊन बसायचे. मोठमोठे युक्तिवाद ऐकायला मिळतील अशी माझी समजूत. मावशी हसायची.

"पिक्चरमधलं कोर्ट डोक्यातून काढ," ती म्हणायची. "चोरीचा खटला बहुतेक वेळा बाहेर व्हरांड्यातच संपतो. दोन वकील खांबाआड बोलतात आणि आत जाऊन साहेबांना सांगतात."

तिचं खरं होतं. आरोपीचा पहिलाच गुन्हा, वस्तू परत मिळालेली आणि मालकाची हरकत नाही, एवढं जुळलं की सरकारी वकील आरोप थोडा हलका करत. आरोपी गुन्हा कबूल करी, तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेत धरले जात आणि पुढे वर्षभर नीट वागण्याची हमी लिहून घेतली जाई. कधी साक्षीदार फिरकायचेच नाहीत आणि आरोपी सुटायचा. दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलेला मात्र सरळ आत जायचा. शेवटपर्यंत साक्षीपुरावे होऊन निकाल लागलेले खटले मावशी बोटांवर मोजायची.

त्याच वाटेने निघालेला एक खटला शिलाई मशीनचा.

मशीन एका शिंपीणबाईंचं होतं, त्यांच्या आईकडून आलेलं. त्यांच्याकडे आठ वर्षं एक कारागीर होता. उंचीमुळे सगळे त्याला लंबूच म्हणत. काहीतरी बिनसलं आणि बाईंनी त्याला कामावरून काढलं. चौथ्या दिवशी, दुकान बंद असताना, त्याने कुलूप तोडून मशीन नेलं. विकलं नाही. पोलीस गेले तेव्हा तो आपल्या खोलीत त्याच मशीनवर पँट शिवत बसला होता. पण कुलूप तोडलेलं, त्यामुळे गुन्हा घरफोडीचा. जामीन मिळेपर्यंत पाच आठवडे तो आत होता.

"तीन तारखांत मिटेल," मावशी म्हणाली होती.

मिटलं नाही, कारण शिंपीणबाई ऐकेनात. "मला तडजोड नको," त्या प्रत्येक तारखेला सांगत. "मी त्याला पोटच्या पोरासारखा वागवला." तारखांवर तारखा पडल्या आणि दोन वर्षं गेली. मशीन जिन्याखाली ओल खात पडलं होतं.

शेवटी साक्षी सुरू झाल्या. मशीन ओळख पटवायला वर नेलं, त्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. शिंपीणबाईंनी लाकडावरून हात फिरवला आणि चाक जरासं ढकललं. चाक अलगद फिरलं. लंबूच्या वकिलांची नजर तिथेच गेली.

"दोन वर्षं बंद खोलीतलं मशीन असं फिरतं?" ते म्हणाले. "आणि चाकाला सीलची दोरी होती ती कुठंय? साहेब, हे तेच मशीन आहे कशावरून?"

न्यायाधीशांनी मुद्देमाल कारकुनाला बोलावलं. इतकी वर्षं मावशी पिंजऱ्यापर्यंत वस्तू नेऊन ठेवत होती. त्या दिवशी स्वतःच पिंजऱ्यात उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, एवढंच.

"तेल मी घातलं," ती म्हणाली. "दर महिन्याला. चाक फिरवायला दोरी सोडावी लागली. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे."

"नियम माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत आहे, साहेब. पण गंज चढायला लागला होता. खटला कुणीही जिंकला असता तरी त्यावर कुणीतरी शिवणारच होतं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग अर्ध्या तासाची सुट्टी दिली.

व्हरांड्यात लंबूचे वकील खुशीत होते. सील तुटलंय, सुटकाच होणार, असं त्याला समजावत होते. मावशी खांबाला टेकून उभी होती. नोकरी गेली असं धरूनच चालली होती. लंबू तिच्याकडे बघत राहिला, मग वकिलांना म्हणाला, "या कारकूनबाईंच्या नोकरीवर पाय देऊन मला सुटायचं नाही. मशीन तेच आहे. मीच नेलं होतं. तसं सांगा."

शिंपीणबाई चार पावलांवर होत्या. त्यांनी ऐकलं. जरा वेळाने सरकारी वकिलांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझी हरकत नाही. पण दुकानात त्याला परत घेणार नाही." आणि खरोखरच कधी घेतलं नाही.

पुढचं काम वीस मिनिटांत उरकलं. घरफोडीऐवजी साधी चोरी, पाच आठवडे भोगलेली शिक्षा धरली आणि वर्षभराची हमी. मशीन हातगाडीवरून दुकानात गेलं. मावशीच्या सेवापुस्तकात लाल शाईने ताशेरा आला. तो मला दाखवताना ती म्हणाली, "साहेबांचं अक्षर मात्र सुंदर आहे." मग हात धुवायला गेली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ आली नाही.

ती खोली आता नाही. नव्या इमारतीत वस्तूंना पट्ट्यापट्ट्यांची चिकटपट्टी लावतात आणि यंत्र ती वाचतं. मी त्याच इमारतीत वकिली करते, खांबाआड बोलणाऱ्यांपैकी एक झाले आहे. दुपारी डब्याची वेळ झाली की अजून पाय जिन्याकडे वळतात.

निवृत्त झाल्यावर मावशी एकदा गावाच्या दुसऱ्या टोकाला हिवाळी कोट शिवायला गेली. दुकान लंबूचं निघालं. त्याने माप घेतलं, तिने कापड निवडलं, कोर्टाचा विषय दोघांनीही काढला नाही. मावशी वारल्यावर तो कोट माझ्याकडे आला. बाह्या मला जरा तोकड्या होतात, तरी थंडीत मी तोच घालते.