फाट्यावरची डहाळी

माझ्या बायकोच्या मामांइतका चालणारा माणूस अख्ख्या मावळात नव्हता, आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या माझ्याइतका काळजीत पडलेलाही दुसरा कोणी नसेल. मामा आंदर मावळातले. वय शहात्तर, मधुमेह, खिशात मोबाइल नाही. एसटीची वाट बघण्यापेक्षा ते बारा किलोमीटर चालायचे. पत्ता सांगतात तो आता नसलेल्या गोष्टींवरून. लोणावळ्यात एका पर्यटकाला म्हणाले, "सायकलवाला व्हता ना, तितनं वळा." सायकलवाल्याचं दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली होती. पुढे चालणाऱ्याने फाट्यावर चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची, म्हणजे मागचा चुकत नाही, ही गावची रीत ते कुठेही पाळतात.

दिल्लीत राष्ट्रपती भवनापासून इंडिया गेटपर्यंतचा रस्ता त्यांना पायीच बघायचा होता. निघताना मामींनी मला बजावलं होतं, "जावईबापू, एकच्या आत खायला घाला, न्हाईतर चक्कर येती. नेलं तसं आना." अंतर तीन किलोमीटर, मी एक तास धरला होता. पण मामा दर शंभर पावलांवर थांबून विचारत, "हितं आदी काय व्हतं?" मी सांगितलं, इंग्रजांच्या काळी हा राजाचा रस्ता, मग राजपथ, आता कर्तव्यपथ. "रस्ता एक, अन् बारसं तीन डाव?" इंडिया गेटमागच्या छत्रीत पूर्वी इंग्रज राजाचा पुतळा होता, तो हलवल्यावर छत्री कित्येक वर्षं रिकामी होती, हे ऐकून म्हणाले, "रिकामी व्हती तवाच बगायला पायजे व्हती."

इंडिया गेटपाशी पावणेएकला मी पाण्याची बाटली घेऊन वळलो, तर मामा नाहीत. तिथून चहूकडे रस्ते फुटतात आणि बिस्किटं माझ्या पिशवीत. तीन रस्ते धावत पालथे घातले. एक वाजून वीस मिनिटांनी चौथ्यावर मामा दिसले. जांभळाखाली घामाघूम बसून ते झाडूवालीशी भांडत होते. ती हिंदीत, हे मावळीत. तिच्या टोपलीत जांभळाची डहाळी होती.

"तुमच्यासाटी टाकलीवती. हिनं उचलली!"

"मामा, इथे रोज झाडतात."

"मंग मागच्यानं यायचं कसं?"

त्यांचे हात थरथरत होते. पाच बिस्किटांनंतर थांबले. माझे थांबायला जास्त वेळ लागला.

आता मामांचे गुडघे गेले. परवा त्यांच्या गावी पहिल्यांदाच मी पुढे होतो आणि ते काठी टेकत मागे. फाट्यावर डहाळी आडवी टाकली, आणि ती जागेवर आहे ना, हे बघायला दोनदा मागे आलो.