शिव्या संपेपर्यंत

कंडक्टरकी करून करून माझ्या पाठीची पार वाट लागली होती. हलत्या गाडीत उभं राहणं आता बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा डेपोच्या साहेबांनी मला तालुक्याच्या स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसवलं, म्हणजे गाड्यांच्या वेळा सांभाळायच्या आणि लोकांना सांगायच्या. तेही तात्पुरतं. "जमलं तर कायम करू. पण स्टँडवर एकदा जरी गोंधळ झाला, तर परत गाडीवर जावं लागेल," ते म्हणाले. गाडीवर परत जाणं म्हणजे माझ्यासाठी नोकरी सोडणंच होतं.

त्याच सुमारास वरच्या ऑफिसात कुणाला तरी 'मेंटॉर' हा शब्द सापडला होता. नव्या जागेवरच्या प्रत्येकाला एक जुना माणूस लावून द्यायचा, असं पत्रक आलं. माझ्या वाट्याला काकाजी आले. अल्लीपूरहून बसनंच रोज जाणं-येणं करणारे, निवृत्तीला टेकलेले कंट्रोलर. मी मनात म्हटलं, झालं, आता हे उपदेश पाजणार. मी इतकी थकलेली होते की मान डोलवायचाही कंटाळा येत होता.

उपदेश त्यांनी केला नाही. पहिले काही दिवस माइकला हातसुद्धा लावू दिला नाही. मला बाहेर प्रवाशांच्या बाकावर बसवलं आणि स्वतः आत घोषणा करत राहिले. दुपारी विचारलं, "काय आयकू आलं, बाई?"

"काहीच नाई, काकाजी. भोंगा नुसता खरखरते."

"मंग लोकायले तरी काय आयकू येत असन?" एवढं बोलून ते डबा उघडून बसले.

त्यांची एकच रीत होती. गाडी वेळेवर असली की माइक. गाडी रद्द झाली की माइक खाली ठेवायचा, केबिनचं दार उघडायचं आणि माणसांत जाऊन उभं राहायचं.

"पह्यले सांगजो, गाडी नाई म्हणून. मंग शिव्या संपेपर्यंत उभी राह्यजो, हलू नोको. शिव्या संपल्या का लोकं विचारतात, आता काय? तुह्यं काम तवा सुरू होते."

मी वैतागले. "कंडक्टर असताना कमी शिव्या खाल्ल्या का मी?"

"तवा लोकायले गाडी त भेटली होती ना," काकाजी म्हणाले.

मग शाल-श्रीफळ घेऊन ते निवृत्त झाले आणि मी एकटी उरले. सकाळपासून खिडकीत तेच तेच प्रश्न. अमकी कवा लागते, तमकी गेली का. ज्याला आत्ताच सांगितलं तोच चहा पिऊन परत विचारायला यायचा. घरी गेले की मुलानं साधं "आई, जेवण कवा?" विचारलं तरी डोकं फिरायचं.

बाजाराचा दिवस होता, संध्याकाळची वेळ. अल्लीपूरची गाडी डेपोतच बंद पडल्याचा फोन आला. बदली गाडी नव्हती. बाहेर भाजी विकून निघालेल्या बाया रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या, कॉलेजच्या पोरी, दवाखान्यातून आलेले म्हातारे. आणि बाकाच्या टोकाला, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन, काकाजी. त्यांना पाहून माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता हे उठतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि निवांत समोरच्या भिंतीकडे पाहू लागले.

मला रडूही येत होतं आणि रागही. माइक हाताशी होता, खिडकी बंद करता येत होती. मी माइक ठेवला आणि बाहेर गेले.

"अल्लीपूरची गाडी नाई येत. बंद पडली."

मग जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. मी खांबाला हात लावून उभी राहिले, कारण पाठ ठणकत होती. एकानं विचारलं, "तुमाले घरी जाचं नाई का, मॅडम?" जायचंच होतं. कधीची जायचं म्हणत होते. कितीतरी वेळानं आवाज खाली आला आणि टोपलीवाल्या एका म्हातारीनं विचारलं, "मंग आता काय, बाई?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. वर्ध्याला जाणारी गाडी अल्लीपूरच्या फाट्यावरून जाते, ती अल्लीपूर गावातून वळवायला परवानगी मागितली. साहेब नियम सांगू लागले. मी म्हटलं, "साहेब, मी लोकांमधीच उभी आहे. तुमीच सांगा त्यांना." फोन पुढे धरला. एकाच वेळी दहा जण बोलू लागले. साहेबांनी परवानगी दिली.

गाडी लागली. काकाजी सगळ्यांत शेवटी चढायला आले. मी दारातच अडवलं.

"दिसून राह्यलं होतं ना तुमाले? उठले काऊन नाई?"

"मी उठलो असतो त लोकायनं उद्याबी मलेच शोधलं असतं," ते म्हणाले. "अन् तुह्या सायबानंबी."

सकाळी साहेबांचा फोन आला. वळवलेल्या गाडीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. "काल काकाजी स्टँडवर होते म्हणे," ते म्हणाले. "म्हणजे त्यांनीच सांभाळलं असेल."

"होते, साहेब," मी म्हटलं. "ते गाडीची वाट पाहत बसले होते."

साहेब म्हणाले, "बरं. तुमची ड्युटी तिथेच कायम करतो."

मी फोन ठेवला. पाठ तशीच दुखत होती. खिडकीत कुणीतरी अल्लीपूरच्या गाडीचं विचारत होतं, आणि काकाजींना हे सांगायला मला त्याच गाडीनं जायचं होतं.